जॉयस्टिक फक्त आकडे पाठवते: लिनक्सवर जॉयस्टिक जोडणं आणि आपल्या हाताला बसवणं

(हे या भागाचं लिखित रूप आहे. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे. टर्मिनलमधल्या आज्ञा आणि फाइलींची नावं बोलताना जशी उच्चारली तशीच देवनागरीत ठेवली आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाका.)

आजचा विषय आहे लिनक्सवर जॉयस्टिक किंवा गेमपॅड कसा चालवायचा आणि त्याच्यासाठी स्वतः प्रोग्रॅम कसा लिहायचा. नाव ऐकून गेमिंगचा भाग वाटेल, पण गेम आज थोडेच येतील. मी या सगळ्यात शिरलो ते माझ्या मामामुळे.

मामा डीटीपीचं काम करायचा. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, दुकानाची बिलबुकं. गावात अर्ध्या लग्नांच्या पत्रिका त्याच्याकडून गेलेल्या. त्याला मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा एक प्रकार आहे. खांद्याचे आणि दंडाचे स्नायू हळूहळू कमजोर होत जातात. बोटं त्यामानाने बरी आहेत. म्हणजे झालंय असं, की माउस धरता येतो पण हलवता येत नाही. माउस हलवायला आख्खा हात सरकवावा लागतो, उचलून परत मागे ठेवावा लागतो. ते आपल्या लक्षातही येत नाही, पण मामाला दहा मिनिटांत दमायला होतं.

त्याच्याकडे जुना डेस्कटॉप आहे, त्यावर मी आधीच लिनक्स टाकून दिलं होतं. इंकस्केपवर त्याचा हात बसला होता. प्रश्न होता फक्त कर्सरचा. मग घरातला एक जुना यूएसबी गेमपॅड आठवला. मावसभावाने साडेचारशे रुपयांना घेतलेला, बिनानावाचा. गेमपॅड मांडीवर ठेवता येतो, दोन्ही हात विसावलेले राहतात, हलतो फक्त अंगठा. म्हटलं जोडून बघू. एका संध्याकाळचं काम वाटलं होतं, तीन शनिवार-रविवार गेले. त्यात जे शिकलो ते आज क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: सिस्टीमला दिसतंय का?

गेमपॅड लावला, काहीच झालं नाही, की आपण लगेच 'ड्रायव्हर पाहिजे' म्हणतो. लिनक्सवर बहुतेक वेळा ड्रायव्हर शोधावा लागत नाही. आजकालचे यूएसबी गेमपॅड एचआयडी नावाच्या प्रमाण पद्धतीने बोलतात. कीबोर्ड आणि माउसही तीच पद्धत वापरतात. जोडल्याबरोबर तो पॅड स्वतःच सांगतो, की माझ्याकडे इतके अक्ष आहेत, इतकी बटणं आहेत, आणि अक्षाची किंमत ० ते २५५ मध्ये असेल. कर्नलला तेवढं पुरतं. जे पॅड या पद्धतीने बोलत नाहीत किंवा जास्तीचं काही करतात, त्यांच्यासाठी वेगळे ड्रायव्हर कर्नलमध्येच आहेत. एक्सबॉक्सच्या वायरवाल्या पॅडसाठी एक्सपॅड, प्लेस्टेशनसाठी एचआयडी-प्लेस्टेशन, निन्टेन्डोसाठी एचआयडी-निन्टेन्डो.

तर टर्मिनल उघडा आणि 'एलएस-यूएसबी' द्या. पॅड यादीत नसेल तर केबल बघा, पोर्ट बदला. यादीत असेल तर 'डीमेसेज' द्या आणि शेवटच्या ओळी वाचा. तिथे इनपुट म्हणून नोंद झालेली दिसली की काम झालं.

ही सोय आपोआप आलेली नाही. जुन्या लोकांना साउंड कार्डावरचा तो १५ पिनांचा गेमपोर्ट आठवत असेल. तिथे जॉयस्टिक आकडे पाठवतच नव्हती. आत एक पोटेन्शिओमीटर, कार्डावर एक कपॅसिटर. कपॅसिटर भरायला किती वेळ लागतो ते प्रोसेसरने मोजायचं आणि त्यावरून दांडी कुठे आहे ते ठरवायचं. नव्वदच्या दशकात वोय्तेख पाव्लीक या प्रोग्रॅमरने लिनक्सचा जॉयस्टिक ड्रायव्हर लिहिला आणि पुढे इनपुटच्या सगळ्या व्यवस्थेवर काम केलं. विंडोजने व्हिस्टापासून गेमपोर्टचा पाठिंबा काढून टाकला. लिनक्समध्ये तो पुढेही बरीच वर्षं राहिला.

दुसरी पायरी: दोन दरवाजे

आता महत्त्वाची गोष्ट. एकच गेमपॅड लिनक्सवर दोन ठिकाणी दिसतो. 'डेव्ह' मधल्या 'इनपुट' फोल्डरमध्ये जाऊन बघा. एक फाइल असेल 'जेएस०', आणि दुसरी 'इव्हेंट' आणि पुढे काहीतरी आकडा. दोन्ही त्याच पॅडच्या आहेत.

जेएस० हा जुना दरवाजा. समजायला एकदम सोपा. फाइल उघडायची आणि आठ-आठ बाइट वाचत जायचं. पहिले चार बाइट वेळ, मिलिसेकंदांत. पुढचे दोन बाइट किंमत. मग एक बाइट प्रकार: १ म्हणजे बटण, २ म्हणजे अक्ष. शेवटचा बाइट कितवं बटण किंवा कितवा अक्ष. बटणाची किंमत ० किंवा १. अक्षाची किंमत उणे ३२७६७ ते अधिक ३२७६७. बस्. पायथनमध्ये स्ट्रक्ट मॉड्यूल घेतलंत तर कॅपिटल आय, स्मॉल एच आणि दोनदा कॅपिटल बी, एवढा फॉरमॅट. दहा ओळींत तुमचा पहिला जॉयस्टिक प्रोग्रॅम तयार होतो. कॉलेजात सी शिकणाऱ्यांनी हा नक्की करून बघावा. फाइल, स्ट्रक्चर आणि बाइट या तिन्हींचा अर्थ एका झटक्यात कळतो.

इथे एक गोष्ट सगळ्यांना चकवते. फाइल उघडल्याबरोबर, तुम्ही हातही लावलेला नसताना, भराभर नोंदी येतात. त्यांच्या प्रकारात १२८ मिळवलेले असतात, म्हणजे बटणासाठी १२९ आणि अक्षासाठी १३०. त्या खऱ्या हालचाली नाहीत. सगळं आत्ता कुठल्या स्थितीत आहे हे ड्रायव्हर सांगत असतो. ते १२८ तपासलं नाही तर तुमचा प्रोग्रॅम सुरू होतानाच सगळी बटणं हलल्यासारखा वागतो.

दुसरा दरवाजा 'इव्हेंट' वाला, त्याला इव्हडेव्ह म्हणतात. तो नवा आणि जास्त सविस्तर. कीबोर्ड, माउस, टचपॅड, सगळं त्याच पद्धतीने येतं. प्रत्येक नोंदीत वेळ, प्रकार, कोड आणि किंमत असते. एका क्षणी जे जे बदललं त्या नोंदी आल्या की शेवटी एक 'सिन' नोंद येते. तिचा अर्थ 'या क्षणापुरतं एवढंच'. अक्षाची किंमत इथे पॅडने दिली तशी येते, म्हणजे स्वस्तातल्या पॅडवर ० ते २५५.

बघायला दोन साधनं आहेत. जुन्या दरवाज्यासाठी 'जेएसटेस्ट', ते डेबियन-उबुंटूवर 'जॉयस्टिक' नावाच्या पॅकेजमधून येतं. नव्यासाठी 'इव्हटेस्ट'. दोन्ही टाकून घ्या आणि दोन टर्मिनलमध्ये शेजारी शेजारी चालवा. दांडी हलवा, बटणं दाबा, आकडे बघा. अर्धा तास फक्त बघण्यात घालवा. मी घालवला नव्हता, त्याची किंमत पुढे मोजली.

अजून एक. अशा पॅडवर मध्ये 'अ‍ॅनालॉग' लिहिलेलं बटण आणि लाल दिवा असतो. दिवा बंद असेल तर बऱ्याच पॅडवर किमती फक्त टोकाच्या येतात: ०, मधली, २५५. मधलं काहीच नाही. मी वीस मिनिटं कोडमध्ये चूक शोधत होतो. दिवा लावायचा होता.

तिसरी पायरी: कर्सर कोपऱ्यात का पळतो?

आता मामाकडे येऊ. मी आधी तयार साधन लावलं, अँटीमायक्रो-एक्स. गेमपॅडच्या हालचालीवरून माउस आणि कीबोर्ड चालवणारं चांगलं मुक्त सॉफ्टवेअर आहे. तुमचं काम त्याने होत असेल तर पुढचं काही लिहायची गरज नाही, हे आधीच सांगतो. मामाच्या पॅडवर कर्सर आपोआप उजवीकडे सरकत राहायचा. दांडीला हात नाही, तरी सरकतोय. दांडी जुनी झाली की ती मध्यावर परत येत नाही, त्याला ड्रिफ्ट म्हणतात.

इंटरनेटवर उपाय सापडला: 'जेसकॅल' चालवा, दांडीचं कॅलिब्रेशन करा. केलं. जेएसटेस्टमध्ये आकडा बरोबर शून्य. खूश झालो. अँटीमायक्रो-एक्स सुरू केलं, कर्सर परत उजवीकडे. परत कॅलिब्रेशन. परत तेच. रात्रीचा एक वाजला, मामी म्हणाल्या, "झोप आता, उद्या बघ."

कारण दुसऱ्या दिवशी कळलं आणि ते त्या दोन दरवाज्यांत आहे. जेसकॅल जी दुरुस्ती करतं ती फक्त जेएस० च्या दरवाज्यावर लागते. आजचे बहुतेक गेम आणि साधनं एसडीएल नावाची लायब्ररी वापरतात, आणि ती इव्हडेव्हच्या दरवाज्याने आत येते. मी एका दाराला कुलूप लावत होतो आणि मांजर दुसऱ्या दाराने येत होतं.

इव्हटेस्टमध्ये बघितलं तेव्हा आकड्यांत सगळं स्पष्ट होतं. मध्य १२७-१२८ असायला हवा. दांडी सोडली की आकडा १४८ वर थांबत होता. इव्हटेस्ट सुरुवातीला प्रत्येक अक्षाची माहिती छापतं: किमान, कमाल, फझ आणि फ्लॅट. फ्लॅट म्हणजे मध्याच्या आजूबाजूची अशी जागा जिथली हालचाल शून्य धरावी. या पॅडला कर्नलने फ्लॅट १५ दिला होता, म्हणजे ११२ ते १४२ पर्यंत शून्य. १४८ त्याच्या बाहेर. आणि मेख अशी, की जेएस० च्या दरवाज्यावर फ्लॅट कर्नल स्वतः लावतो, पण इव्हडेव्हवर तो फक्त सूचना म्हणून दिलेला असतो. वाचणाऱ्या प्रोग्रॅमने तो लावायचा असतो.

मग अँटीमायक्रो-एक्समध्येच डेड झोन वाढवला. सरकणं थांबलं. मला वाटलं संपलं काम.

चौथी पायरी: दांडीचं नाही, अंगठ्याचं माप

मामाला बसवलं. पाच मिनिटांनी म्हणाला, "डावीकडे बरं जातंय रे. उजवीकडे जातच नाही."

मी स्वतः करून बघितलं, मला तर दोन्हीकडे सारखं जात होतं. मग इव्हटेस्ट लावलं आणि मामाला म्हटलं, जमेल तेवढी दांडी डावीकडे ढकल. आकडा आला १२. आता उजवीकडे. आकडा आला २०५. त्याच्या पुढे जाईना. डाव्या हाताचा अंगठा आत ओढणं त्याला जमतं, बाहेरच्या बाजूला ढकलायला जोर पुरत नाही. पॅडच्या दृष्टीने २५५ म्हणजे पूर्ण. मामासाठी २०५ म्हणजे पूर्ण. तोपर्यंत मी दांडी सुधारत होतो, आणि माप घ्यायचं होतं अंगठ्याचं.

मग स्वतःचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. प्रत्येक अक्षासाठी चार आकडे. मृत जागा कुठून कुठपर्यंत: मामाचा अंगठा दांडीवर नुसता ठेवलेला असताना आकडा १४० ते १५६ मध्ये हलतो, म्हणजे तेवढं शून्य. मग डावीकडचं टोक १२, उजवीकडचं टोक २०५. डावीकडे १२८ घरं आहेत, उजवीकडे ४९. दोन्ही बाजू आपापल्या लांबीने भागायच्या, म्हणजे डावीकडे उणे १ ते ०, उजवीकडे ० ते १. उजवीकडची ४९ घरं आणि डावीकडची १२८ घरं, दोन्हींचा अर्थ 'पूर्ण जोर'.

ही कल्पना माझी नाही. जेएस० च्या मागे असलेला जॉयडेव्ह ड्रायव्हर गेली कित्येक वर्षं हेच करतो. तिथे तिला 'ब्रोकन लाइन' म्हणतात, मोडलेली रेघ. मधे सपाट, दोन्हीकडे वेगवेगळा चढ. जेसकॅल जे आकडे साठवतं ते यासाठीच. कर्नलचा सोर्स उघडा आहे म्हणून मला ते वाचता आलं. मी फक्त तोच हिशेब इव्हडेव्हच्या बाजूला आणला.

पाचवी पायरी: प्रोग्रॅम, आणि त्यातले खड्डे

पायथनसाठी 'इव्हडेव्ह' नावाचीच लायब्ररी आहे, ती घेतली. वाचायला गेमपॅड, आणि लिहायला 'यूइनपुट'. यूइनपुट ही फार कामाची चीज आहे. तुम्ही कर्नलला सांगता, मी एक माउस आहे, माझ्याकडे आडवी-उभी हालचाल आहे, डावं-उजवं बटण आहे, चाक आहे. कर्नल खरंच एक माउस तयार करतो. पुढच्या कुणालाही कळत नाही की तो खोटा आहे. हे कर्नलच्या पातळीवर होत असल्याने तुमचं डेस्कटॉप जुन्या एक्सवर असो की वेलँडवर, चालतं.

कोड वाचून दाखवत नाही, ऐकून कंटाळाल. सव्वाशे ओळींचा आहे. मी ज्या खड्ड्यांत पडलो ते सांगतो.

खड्डा पहिला. इव्हेंट आला की कर्सर हलवायचा, असं लिहिलं. दांडी ढकलली, कर्सर थोडा हलला आणि थांबला. दांडी ढकललेलीच आहे! कारण सोपं आहे. नोंद फक्त किंमत बदलली तर येते. दांडी २०५ वर धरून ठेवली तर काहीच येत नाही. माउस सांगतो 'मी इतका सरकलो'. जॉयस्टिक सांगते 'मी इथे आहे'. म्हणून नोंद आली की फक्त शेवटची किंमत लक्षात ठेवायची, आणि वेगळ्या टायमरने दर १० मिलिसेकंदांनी त्या किमतीवरून कर्सर हलवायचा.

खड्डा दुसरा. मामाची तक्रार: "अरे, हे पळतंय. मला नक्षी कोपऱ्यात बसवायचीय, क्रिकेट नाही खेळायचं." बारीक हालचालीसाठी वेग सरळ प्रमाणात ठेवायचा नाही, किमतीचा वर्ग करायचा, चिन्ह सांभाळून. म्हणजे अर्धा ढकलला तर पाव वेग. केलं. आता हळू ढकलल्यावर कर्सर हलेचना. हिशेब बघा. सर्वात जास्त वेग सेकंदाला ६०० पिक्सेल, म्हणजे दर १० मिलिसेकंदांना ६. दांडी वीस टक्के ढकलली तर वर्ग ०.०४, गुणिले ६ म्हणजे ०.२४ पिक्सेल. माउसला पूर्णांकच पाठवता येतो. ०.२४ चा पूर्णांक शून्य. दर वेळी शून्य. उपाय: उरलेला अपूर्णांक टाकून द्यायचा नाही, साठवायचा. पाच फेऱ्यांत १.२ होतं, तेव्हा १ पाठवायचा, ०.२ पुढे न्यायचा. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखं. एवढ्याने इंकस्केपमध्ये एकेक पिक्सेल सरकवता येऊ लागला.

खड्डा तिसरा. 'सिन' पाठवायला विसरलो. हालचाल लिहिली, पण 'एवढंच' हे सांगितलंच नाही, त्यामुळे स्क्रीनवर काहीच होईना. प्रत्येक हालचालीनंतर सिन पाहिजेच.

खड्डा चौथा. डेस्कटॉप आपल्या माउसला स्वतःचा प्रवेग लावतो, आणि आपला खोटा माउसही त्याच्यासाठी माउसच. म्हणजे वक्र दोनदा लागतो. माउसच्या सेटिंगमध्ये प्रवेग बंद करा.

खड्डा पाचवा, बटणांचा. आकडे गृहीत धरू नका. काही पॅड स्वतःला गेमपॅड म्हणवतात, त्यांची बटणं ३०४ पासून सुरू होतात. काही जॉयस्टिक म्हणवतात, त्यांची २८८ पासून. मामाचा पॅड दुसऱ्या जातीचा. इव्हटेस्टमध्ये बघून मगच कोड लिहा. मामाला क्लिक खांद्याच्या बटणावर दिली, तर्जनीखाली. कधी कधी बोट थरथरून दोनदा दाबलं जायचं, म्हणून २५० मिलिसेकंदांच्या आतलं दुसरं दाबणं सोडून दिलं. आता याने डबल क्लिक करणं अवघड झालं, तर त्यासाठी वेगळं बटण. आणि ड्रॅग करताना बटण धरून ठेवणं जमत नाही, म्हणून एकदा दाबलं की धरलं, परत दाबलं की सुटलं.

सहावी पायरी: परवानगी

गेमपॅड वाचायला सहसा परवानगीचा प्रश्न येत नाही. सिस्टीमडी असलेल्या वितरणांत समोर बसून लॉगिन केलेल्या माणसाला जॉयस्टिक वाचायची परवानगी आपोआप मिळते. यूइनपुट लिहायला मात्र बहुतेक ठिकाणी रूट लागतो.

इथे इंटरनेटवर सर्रास सल्ला मिळतो, की स्वतःला 'इनपुट' ग्रुपमध्ये टाका. थांबा. त्या ग्रुपमध्ये गेलात की तुमच्या नावाने चालणारा कुठलाही प्रोग्रॅम कीबोर्डचीही फाइल वाचू शकतो, म्हणजे तुम्ही टाइप करता तो प्रत्येक पासवर्ड. मी फक्त यूइनपुटसाठी वेगळा ग्रुप केला आणि यूडेव्हचा एका ओळीचा नियम लिहिला. तो ग्रुपही जपूनच द्या, कारण यूइनपुटवर लिहिता येणारा प्रोग्रॅम तुमच्या वतीने कळा दाबू शकतो. आणि यूइनपुटचं मॉड्यूल सुरुवातीलाच लोड होतंय ना, ते बघा.

प्रोग्रॅममध्ये 'इव्हेंट' चा आकडा लिहू नका, तो रीबूटनंतर बदलतो. 'इनपुट' मध्ये 'बाय-आयडी' नावाचं फोल्डर आहे, तिथे पॅडच्या नावाची कायमची लिंक असते. शेवटी 'इव्हेंट-जॉयस्टिक' लिहिलेली घ्या. नुसतं 'जॉयस्टिक' लिहिलेली जुन्या दरवाज्याची आहे.

आणि शेवटचं, प्रोग्रॅम आपोआप सुरू झाला पाहिजे. मामाने टर्मिनल उघडायचं तर ते उघडायला कर्सर कुठून आणणार? सिस्टीमडीची यूजर सर्व्हिस केली, आणि पॅड लावला की ती सुरू व्हावी एवढं यूडेव्हच्या नियमात सांगितलं. केबल काढली की वाचताना 'असं उपकरण नाही' ही एरर येते, ती पकडून प्रोग्रॅमने गुपचूप बंद व्हायचं.

ज्यांना फक्त गेम खेळायचे आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात: एसडीएल प्रत्येक पॅडची ओळख आणि बटणांचा नकाशा एका ओळीत ठेवतं. तुमचा बिनानावाचा पॅड त्यांच्या यादीत नसेल तर ती ओळ स्वतः तयार करून एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये देता येते. बटणं उलटसुलट चालत असतील तर आधी तेच बघा.

आत्ता कुठे आहोत

मामाने या पॅडवर पहिली पत्रिका केली ती माझ्या मावसबहिणीच्या लग्नाची. मजकूर मामींनी टाइप केला, मांडणी, गणपती, बॉर्डर, सगळं त्याने. पाऊण तास काम, मग विश्रांती, परत पाऊण तास. आधी तो अशी पत्रिका एका बैठकीत करायचा, त्यामुळे फार मोठं काही साधलं असं मी म्हणणार नाही. पण दर पाच मिनिटांनी मामींना हाक मारून "जरा हे उजवीकडे सरकव" म्हणावं लागत नाही. त्याला ते फार लागायचं.

एक गोष्ट मी आधी धरली नव्हती. थंडीत अंगठा आखडतो आणि उजवीकडचा आकडा कमी येतो. म्हणून प्रोग्रॅममध्ये मोजणीची सोय केली. एक बटण तीन सेकंद धरायचं, अंगठा जमेल तेवढा सगळीकडे फिरवायचा, प्रोग्रॅम नवी टोकं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवतो. मामींना ते करता येतं, मला फोन करावा लागत नाही.

मागच्या दिवाळीत उजवीकडचा आकडा २०५ होता. परवा गेलो तेव्हा १९२ होता, आणि आता थंडी नाहीये. आजार असा आहे की हा आकडा वाढणार नाही. फाइलमधला जुना आकडा मी पुसला नाही, पुढे हॅश लावून कॉमेंट करून ठेवलाय. १९२ असला तरी ३६ घरं उरतात, आणि ३६ घरांत कर्सर सगळीकडे नेता येतो, हे मी तपासलंय. ती २० झाली की मृत जागा अजून आवळावी लागेल. त्यानंतर कदाचित दांडी डावी-उजवी न वापरता वर-खाली वापरावी लागेल, दिशा बटणाने बदलून. ते आत्तापासून लिहून ठेवतोय.

तयार उपकरणाबद्दल विचाराल तर मिळतात, चांगलीही आहेत, ज्यांना परवडतात त्यांनी जरूर घ्यावीत. आमच्या बाबतीत दर थोड्या महिन्यांनी माप बदलणार होतं, आणि माप बदलायचा अधिकार घरातच असणं आम्हाला जास्त गरजेचं होतं.

तुमच्याकडे कपाटात जुना पॅड पडला असेल तर या आठवड्यात एवढंच करा: जोडा, इव्हटेस्ट चालवा, दांडी सोडून द्या आणि मध्याचा आकडा लिहून घ्या. मग घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या, आजी असो की पाच वर्षांचं पोर, आणि त्यांची टोकं लिहून घ्या. तुमच्यापेक्षा वेगळी येतील.

पुढच्या भागात यूडेव्हच्या नियमांवर सविस्तर बोलू, आज ते धावतपळत झालं. तोपर्यंत काळजी घ्या.